काचपेटीतले न दिसणारे सोबती
श्रोतेहो, लंडनचे रसायनज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी पाणवनस्पती आणि गोगलगाई सोबतीला देऊन, पाणी न बदलता काचपेटीत सोनेरी मासे जगवले. १८५० साली त्यांनी तो प्रयोग प्रसिद्ध केला. श्रेय दिले वनस्पतींच्या प्राणवायूला. पण माशांच्या उत्सर्गातल्या विषारी अमोनियाचे काय होई?

उत्तर पुढे त्यांच्याच नावाच्या मुलाला सापडले, तेही रोथॅमस्टेडच्या शेतमातीवर काम करताना! एक जंतू अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. मात्र ते जंतू वेगळे काढणे त्याला साधले नाही; ते १८९०-९१ मध्ये झुरिकला विनोग्राड्स्कीने साधले.

हे जंतू वाळूला नि गाळणीला चिकटून राहतात. तेव्हा गाळणी नळाखाली घासू नका. क्लोरीनने ते मरतात, मग मासेही दगावतात. पेटीतल्याच काढलेल्या पाण्यात ती हलकेच विसळा. लख्ख पाणी म्हणजे निरोगी पाणी नव्हे, बरं का!