कळेल अशा मराठीत

पैठण आमच्या शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर आहे. धर्मग्रंथ संस्कृत न जाणणाऱ्यांना कळावा की नाही, हा जुना वाद निघाला की पैठणचं नाव येतंच. एकनाथांनी भागवताच्या अकराव्या स्कंधावर मराठीत टीका लिहायला घेतली. काशीच्या पंडितांनी त्यांना बोलावून जाब विचारला, असं परंपरा सांगते. ती टीका १५७३ मध्ये काशीतच पूर्ण झाली. त्याआधी चक्रधरांनी मराठीतून निरूपण केलं होतं आणि ज्ञानेश्वरांनी नेवाशाला गीता मराठीत आणली होती. मराठवाड्यातल्या माणसाला हा इतिहास शाळेपासून पाठ असतो.

याच वादाचा पुढचा एक अध्याय ख्रिस्ती आहे, हे मात्र फारसं बोललं जात नाही. म्हणून आज त्याविषयी.

छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादला, एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीचं काम रुत्तनजी नवरोजी यांनी केलं. हे मूळचे पारशी. इकडे जालन्याजवळ नारायण शेषाद्री यांनी बेथेल नावाचं ख्रिस्ती गाव वसवलं. शेषाद्री ब्राह्मण घरातले, १८४३ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. बेथेल हा हिब्रू शब्द, अर्थ देवाचं घर. निजामाच्या राज्यातल्या एका गावाला बायबलमधलं नाव पडलं आणि तिथली माणसं त्या नावासह रोजचं आयुष्य जगू लागली. आपल्या भागातला हा इतिहास परदेशी साहेबांचा आहे असं सरसकट म्हटलं जातं. त्यात एक पारशी आणि एक ब्राह्मण इतके पुढे होते, हे लक्षात ठेवायला हवं.

ख्रिस्ती वचन मराठीत आणण्याची खटपट तर त्याहून जुनी. फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण १६१६ चं. जवळजवळ अकरा हजार ओव्या! विल्यम कॅरेनं श्रीरामपूरला (हे बंगालमधलं) वैजनाथ पंडितांच्या मदतीनं केलेला मराठी नवा करार १८११ मध्ये छापून निघाला. पुढे मुंबईच्या अमेरिकन मिशननं हे काम वाढवलं. तेव्हा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मराठीत बायबल नव्हतं असं मुळीच नाही. तरीही वयाची पंचेचाळिशी ओलांडल्यावर एका बाईनं ते पुन्हा पहिल्यापासून भाषांतर करायला घेतलं. का?

ती बाई म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांच्याविषयी आपल्याला साधारण इतकं ठाऊक असतं: संस्कृतच्या पंडिता, शारदा सदन, धर्मांतर, केसरीची टीका. यातलं काही खोटं नाही. पण मला त्यांच्या आयुष्याची किल्ली त्यांच्या बालपणात सापडते.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, त्यावरून लोकांचा रोष ओढवून घेतला. आईनं पुढे रमाबाईंना शिकवलं. हे कुटुंब देशभर तीर्थयात्रा करत फिरत असे. देवळात किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण वाचायचं, ऐकणारे फळं, धान्य, पैसे ठेवतील त्यावर राहायचं. रमाबाईंनी नंतर इंग्रजीत लिहिलेल्या आत्मनिवेदनात या वाचनाचं वर्णन आहे. पुराणिक संस्कृत वाचत जातो, अर्थ सांगतोच असं नाही. ऐकणाऱ्याला कळलं नाही तरी पुण्य मिळतं अशी दोन्ही बाजूंची समजूत. वाचणाऱ्याचं पोट भरतं, ऐकणाऱ्याचं मन भरतं.

मग दुष्काळ आला. पोट भरेना. शास्त्री घराणं, त्यामुळे अंगमेहनतीचं काम करणं कमीपणाचं आणि भीक मागणंही अवघड. काही महिन्यांत १८७४ मध्ये वडील गेले, आई गेली, पाठोपाठ बहीणही. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. हजारो श्लोक तोंडपाठ असलेली ही दोन मुलं उपाशीपोटी चालत राहिली.

१८७८ मध्ये ही भावंडं कलकत्त्याला पोचली. तिथे पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. लग्न झालं, मुलगी झाली, १८८२ मध्ये नवरा कॉलऱ्यानं गेला. या धावपळीच्या काळात सिलचरच्या घरी पुस्तकांमध्ये त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची एक बंगाली पुस्तिका सापडली. कुणी दिली, कशी आली, त्यांना आठवत नव्हतं. त्यांनी ती आवडीनं वाचली. पुढे १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला.

इथे एक गंमत आहे. बाप्तिस्मा झाला म्हणून रमाबाई गुमान चर्चचं ऐकू लागल्या, असं काही झालं नाही. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा लांबलचक पत्रव्यवहार झाला. अमुक सिद्धांत चर्च सांगतं म्हणून मान, असं म्हटलं की रमाबाई विचारत, हे बायबलमध्ये कुठे आहे? एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टानं बाहेर पडले, आता दुसऱ्याचं जोखड मानेवर घेणार नाही, असा त्यांचा रोख होता. वचनावर निष्ठा म्हणजे वचन सांगणाऱ्यावर निष्ठा नव्हे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. श्रद्धाळू माणूस प्रश्न विचारत नाही, अशी आपली समजूत असते. रमाबाईंच्या बाबतीत श्रद्धा वाढली तसे प्रश्नही वाढले.

१८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं आणि पुढच्या वर्षी पुण्याला आलं. १८९३ मध्ये धर्मांतराच्या शंकेवरून वादळ उठलं. रानडे, भांडारकरांसारखे हितचिंतकही बाजूला झाले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्या पालकांची भीती मी आज सहज हसण्यावारी नेणार नाही. निराधार मुलगी, आश्रय देणारी बाई आणि तिचा धर्म, या तिढ्यात मुलीची स्वतःची निवड कितपत उरते, हा प्रश्न तेव्हाही खरा होता आणि आजही आहे. पण टीकाकारांपैकी किती जणांनी त्या विधवांसाठी आपल्या घराचं दार उघडलं, हाही प्रश्न तितकाच खरा.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली-बायका घेऊन आल्या. स्वतःचे १८७४ चे दिवस त्यांना तिथे दिसले नसतील तरच नवल! या सगळ्यांना पुणे जिल्ह्यात दौंडजवळच्या केडगावला ठेवलं, तेच मुक्ती मिशन. १९०० च्या सुमारास तिथे जवळजवळ दोन हजार माणसं होती. विणकाम, शेती, छापखाना, सगळं बायका चालवत. अंध मुलींना ब्रेल शिकवलं जाई. श्लोक पाठ असूनही उपाशी राहिलेल्या बाईनं आपल्या मुलींच्या हातात आधी काम दिलं, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

आणि या बायकांना वाचायला बायबल कुठलं द्यायचं? होतं ते मराठी रमाबाईंना संस्कृताळलेलं वाटत होतं. दुष्काळातून आलेल्या, नुकत्याच अक्षरं गिरवायला लागलेल्या बाईला ते अवघड. म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि १९०४-०५ च्या सुमारास मूळ भाषांतून भाषांतराला लागल्या. ज्या शब्दांना हिंदू धर्मकल्पनांचा वास आहे ते टाळायचे, साधे बोलीतले शब्द घ्यायचे आणि मुळाला धरून राहायचं, अशी त्यांची शिस्त होती. संस्कृतच्या पंडितेनं संस्कृत शब्द वेचून बाजूला काढायचे! हे काम जवळजवळ सतरा वर्षं चाललं. छपाईही मुक्तीच्याच छापखान्यात, खिळे जुळवणाऱ्या आश्रमातल्याच बायका. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. रमाबाई काम करत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या तेव्हा भाषांतर पुरं झालं होतं. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं.

त्याच काळात नारायण वामन टिळकांनी नेमका उलटा रस्ता धरला होता. आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन प्रवाशानं दिलेला नवा करार वाचून ते ख्रिस्ताकडे वळले आणि १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. पण तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. अभंग, ओवी, कीर्तन, सगळं त्यांनी सोबत नेलं. त्यांनी सुरू केलेलं ख्रिस्तायन लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं. मराठी ख्रिस्ती घरांत टिळकांची भजनं रुजली. रमाबाईंचं बायबल मात्र सर्वत्र रूढ झालं नाही. चर्चमध्ये वापरात राहिलं ते बायबल सोसायटीचं भाषांतर.

खरं सांगायचं तर कानाला मला टिळकच गोड लागतात. वारकरी घरात वाढलेल्या माणसाचा कान आहे, त्याला ओवी हवी असते. पण रमाबाईंना गोडवा का नको होता, याचं उत्तर मला त्या घाटावरच्या पुराणवाचनात दिसतं. न कळणारे सुंदर शब्द त्यांनी लहानपणी पोटासाठी वाचले होते. त्या नादानं ऐकणारा सुखावतो आणि जसा आला तसाच घरी जातो, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. मग शब्द थोडा खडबडीत चालेल, पण तो कळला पाहिजे, हा हट्ट त्यांच्यात आला असावा. हा माझा तर्क आहे, पण मला तो पटतो.

धर्मग्रंथावर निष्ठा ठेवून जगणं म्हणजे काय, असं विचारलं तर रमाबाईंच्या आयुष्यातून मला जे उत्तर मिळतं ते अगदी रोजच्या कामाचं आहे. वाचायचं ते समजून वाचायचं. समजलं नाही तर विचारायचं, मग समोर बिशप असो की शास्त्री. आणि आपल्याला समजलं ते शेजारच्या अडाणी बाईला समजेपर्यंत काम संपलं असं मानायचं नाही. यात ख्रिस्ती किती आणि पैठणचं किती, हे मला वेगळं काढता येत नाही. एकनाथांना हे ओळखीचं वाटलं असतं, एवढं मात्र नक्की वाटतं.

आपल्या घरात जी पोथी आहे, मग ती कुठल्याही धर्माची असो, तिच्यातलं एक पान आज आपण कुणाला साध्या मराठीत समजावून सांगू शकू का? एकदा करून बघायला हरकत नाही.