हॉर्न खाण

हॉर्न खाण : कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील सोने व तांब्याची प्रसिद्ध खाण. प्रांताच्या वायव्येस आबिटिबी प्रदेशात, ओसिस्को तलावाच्या काठी ती आहे. रूएँ-नोरांडा हे शहर तिच्याभोवतीच वाढले. 1927 ते 1976 या काळात येथून सुमारे 5.4 कोटी टन धातुक काढण्यात आले. त्यात सरासरी 2.2 टक्के तांबे आणि टनामागे सुमारे 6 ग्रॅम सोने होते. म्हणजे या एका जागेतून 11 लाख टनांहून अधिक तांबे आणि 300 टनांहून अधिक सोने असलेले धातुक वर आले. घन सल्फाइड प्रकारच्या तांब्याच्या खाणींत सोने असते ते बहुधा जोडउत्पादन म्हणून. येथे ते तांब्याच्या बरोबरीचे मानकरी होते, आणि खाणीच्या इतिहासातले जवळजवळ प्रत्येक वळण या जोडीमुळेच आलेले आहे.

शोध : एडमंड हॉर्न हा नोव्हा स्कोशियातून उत्तरेकडे आलेला खनिजशोधक. 1903 मध्ये ओंटारिओतील कोबाल्ट येथे चांदी सापडली, 1906 मध्ये लार्डर लेककडे सोन्यासाठी धाव सुरू झाली, 1909 मध्ये पॉर्क्युपाइन आणि त्यानंतर दोनतीन वर्षांत कर्कलंड लेक पुढे आले. हे सगळे प्रांताच्या सीमेपलीकडे, पश्चिमेला. क्वेबेकच्या बाजूला रस्ते नव्हते, वस्ती विरळ होती आणि शोधकांचे लक्षही नव्हते. ओंटारिओत सोने देणारा खडकांचा पट्टा नकाशावरच्या रेषेपाशी संपण्याचे काही कारण नाही, एवढ्या साध्या विचारावर हॉर्न 1911 मध्ये डोंगीतून या भागात आला. पुढच्या दहा वर्षांत तो पुनःपुन्हा येत राहिला. हा सारा मुलूख अनिशिनाबे लोकांचा. ज्या जलमार्गांनी शोधक आत शिरले, ते पिढ्यानपिढ्या त्यांच्याच वहिवाटीचे होते.

तलावाच्या काठावर उघड्या पडलेल्या गंजलेल्या खडकात हॉर्नला सोन्याची लक्षणे दिसली होती, पण पैसा लावायला कोणी तयार होत नव्हते. अखेर 1920 मध्ये ओंटारिओतील न्यू लिस्कर्ड परिसरातल्या काही जणांनी वर्गणी काढून त्याच्यामागे एक छोटे मंडळ उभे केले आणि जमिनीवर दावे नोंदवले गेले. 1922 मध्ये थॉमसन आणि चॅडबर्न या न्यूयॉर्कच्या अभियंत्यांच्या गटाने ही जागा करारावर घेतली आणि त्याच वर्षी नोरांडा माइन्स ही कंपनी स्थापन झाली. जेम्स मर्डॉक हे टोरांटोचे वकील तिचे अध्यक्ष झाले व पुढे कित्येक दशके त्या पदावर राहिले. 1923 मध्ये वेधनाला सुरुवात झाली. सोन्याच्या शिरा शोधायला उतरलेल्या यंत्राने वर आणले ते जड, पितळी झाक असलेले घन सल्फाइड. त्यात तांबे होते आणि सोनेही होते.

हॉर्नचे श्रेय नशिबाच्या खात्यावर टाकण्याची प्रथा आहे, ती मला पटत नाही. सोन्याची जी शीर त्याला अपेक्षित होती ती मिळाली नाही हे खरे. पण खडकांचा पट्टा सलग असणार हे त्याचे अनुमान अचूक होते, आणि त्या अनुमानावर त्याने जवळजवळ एक दशक काढले.

भूविज्ञान : आबिटिबी ग्रीनस्टोन पट्टा हा कॅनडाच्या प्राचीन ढालप्रदेशातील सुपीरियर प्रांताचा भाग आहे. त्यातील ब्लेक रिव्हर गट या ज्वालामुखी खडकांच्या जाड थरांत हॉर्नचे धातुक आहे. या खडकांचे वय सुमारे 270 कोटी वर्षे. सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे 6.6 कोटी वर्षांचा आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या काळाची खोली कळते. कोलारच्या सोन्याच्या पट्ट्यातले खडक मात्र वयाने याच्या जवळपासचे आहेत. दख्खनचा लाव्हा मुख्यतः जमिनीवर पसरला, तर ब्लेक रिव्हरचा लाव्हा समुद्रतळावर ओतला गेला. बेसाल्ट व अँडेसाइटच्या प्रवाहांमध्ये रायोलाइटचे घुमट आणि त्यांच्या स्फोटांतून झालेले तुकड्यांचे व राखेचे थर आहेत. पुढे भूकवचाच्या हालचालींत हे सगळे थर जवळजवळ उभे झाले. त्यामुळे मूळचा समुद्रतळ आज कडेवर उभा आहे आणि त्याचा वरचा भाग उत्तरेकडे आहे.

खाणीची जागा दोन विभंगांमध्ये पाचरीसारखी अडकलेली आहे : उत्तरेला हॉर्न क्रीक विभंग, दक्षिणेला अँडेसाइट विभंग. पाचरीतला खडक प्रामुख्याने रायोलाइटी आहे. मुख्य धातुक दोन मोठ्या पिंडांत होते; त्यांना वरचा एच आणि खालचा एच अशी नावे आहेत. पायऱ्होटाइट, पायराइट, कॅल्कोपायराइट आणि मॅग्नेटाइट ही त्यांतली प्रमुख खनिजे. सोने काही मोकळ्या कणांच्या रूपात, काही टेल्युरियमशी संयुग होऊन असे. जस्त या दोन पिंडांत नगण्यच. पिंडांच्या भोवतीचा रायोलाइट मूळ स्वरूपात राहिलेला नाही. बहुतेक ठिकाणी त्याचे सेरिसाइट व क्वार्ट्‌झ झाले आहे, आणि धातुकाच्या अगदी लगत गडद हिरवे क्लोराइट दिसते. या खडकांना नंतर कापत गेलेल्या डायबेसच्या भित्तींनी धातुकही आरपार कापले आहे.

पिंडांना लागून आणि त्यांच्या खाली पाचव्या क्रमांकाचा विभाग आहे. तो पत्र्यासारखा उभा, पायराइटने भरलेला आणि फार मोठा आहे. त्यात जस्त आहे, तांबे व सोने थोडे थोडे आहे. नोरांडाच्या भूवैज्ञानिकांना तो ठाऊक होता, पण त्या काळच्या भावांत तो काढणे परवडत नव्हते.

उत्पत्तीचा वाद : हॉर्नच्या धातुकाचा उगम कसा झाला, या प्रश्नाने भूविज्ञानाला बरेच काही शिकवले. 1930 च्या दशकात पीटर प्राइस यांनी खाणीचा तपशीलवार अभ्यास केला. त्या पिढीचे सर्वमान्य मत असे की खडक तयार होऊन, दुमडून, भेगाळल्यानंतर खोलवरच्या आगंतुक खडकांतून निघालेले उष्ण द्रव त्यात शिरले आणि त्यांनी रायोलाइट गिळून त्या जागी सल्फाइड ठेवले. म्हणजे खडक आधी, धातू फार नंतर. या मताला आधारही दिसत असे, कारण धातुकाच्या कडा रायोलाइटमध्ये झिरपत गेल्यासारख्या अस्पष्ट आहेत.

1950 नंतर हे चित्र पालटू लागले. नोरांडा परिसरात एकामागून एक सल्फाइडचे साठे ज्वालामुखी थरांच्या ठरावीक पातळ्यांवर सापडत होते. जपानमधील तरुण कुरोको साठ्यांशी त्यांचे साम्य दिसू लागले. त्यावरून ज्वालामुखी जागृत असतानाच समुद्रतळावरच्या गरम झऱ्यांतून धातू बाहेर पडून साचले, असा सिद्धान्त पुढे आला. 1979 मध्ये पूर्व पॅसिफिकच्या तळाशी काळा धूर ओकणारी सल्फाइडची धुराडी शास्त्रज्ञांनी पाणबुडीतून प्रत्यक्ष पाहिली. तोवर हॉर्न बंद होऊन तीन वर्षे झाली होती.

आज हॉर्नच्या बाबतीत दोन्ही मतांतला खरा भाग एकत्र आलेला आहे. धातुक ज्वालामुखीच्याच काळातले आहे, ही नव्या मताची बाजू. मात्र ते सगळे समुद्रतळावर उघड्यावर साचले नाही. ज्वालामुखी तुकड्यांच्या सच्छिद्र थरांमध्ये, तळाच्या खाली, खडकाची जागा घेत ते वाढत गेले. प्राइस यांनी पाहिलेले प्रतिस्थापन खरे होते. त्याचा काळ तेवढा चुकला होता. इतका मोठा साठा होण्याचे कारणही यात सापडते, कारण समुद्राच्या पाण्यात धातू विखुरण्याऐवजी थरातच अडकून राहिले. हॉर्नमध्येच इतके सोने का, या प्रश्नावर मात्र अजून एकमत नाही. शेजारचे बहुतेक साठे तांबे-जस्ताचे आहेत आणि सोन्याच्या बाबतीत सामान्य आहेत. स्वीडनचे बोलिडेन, क्वेबेकचेच लारोंड, ब्रिटिश कोलंबियाचे एस्के क्रीक आणि हॉर्न ही सोनेसंपन्न सल्फाइड साठ्यांची जगातली मोजकी उदाहरणे आहेत.

खाणकाम व भट्टी : धातुकाचा मोठेपणा लक्षात आल्यावर प्रश्न उभा राहिला तो रेल्वेचा. ओंटारिओला हा माल आपल्याकडे यावा असे वाटे, क्वेबेकला आपल्या प्रांतातूनच जावा असे. ओंटारिओच्या बाजूने येणाऱ्या फाट्याचा तंटा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. क्वेबेकमधला फाटा 1926 मध्ये आला आणि ओंटारिओकडचाही त्यानंतर लवकरच पोहोचला. डिसेंबर 1927 मध्ये प्रगलन भट्टी सुरू झाली. 1931 पासून तेथील तांबे माँट्रियलच्या पूर्व भागातील कंपनीच्या शुद्धीकरण कारखान्यात जाऊ लागले. तेथे तांब्यापासून सोने, चांदी, सेलेनियम व टेल्युरियम वेगळे होत.

नेमकी हीच मंदीची वर्षे. 1929 मध्ये पौंडाला 18 सेंटच्या आसपास असलेले तांबे 1932 मध्ये 5 सेंटवर आले. जगभरच्या तांब्याच्या खाणी बंद पडत असताना नोरांडाने अधिक सोन्याचे धातुक पुढे घेतले. सोन्याचा भाव ठरलेला होता; 1934 मध्ये तर अमेरिकेने तो औंसाला 20.67 डॉलरवरून 35 डॉलर केला. भट्टीला अभिवाह म्हणून सिलिका लागे. ती सिलिका आसपासच्या पॉवेल-रूएँसारख्या खाणींच्या सोनेयुक्त क्वार्ट्‌झमधून घेतली जाई. वाळू विकत घेण्याऐवजी सोने असलेली गार भट्टीत घालायची आणि ते सोने तांब्याबरोबर वसूल करायचे, अशी ही व्यवस्था. स्वतःची गिरणी उभारण्याची ऐपत नसलेल्या अनेक लहान खाणी या एका भट्टीच्या आधाराने चालल्या.

खाणीत उतरणाऱ्यांत पूर्व युरोपातून आलेले स्थलांतरित पुष्कळ होते. जून 1934 मध्ये त्यांनी संघटना, वेतन आणि सुरक्षिततेसाठी संप केला. तो सुमारे दहा दिवसांत मोडून काढण्यात आला आणि संपकऱ्यांपैकी अनेकांना पुन्हा कामावर घेतले नाही. क्वेबेकच्या कामगार इतिहासात तो ‘परक्यांचा संप’ म्हणून ओळखला जातो. कंपनीने आखून बांधलेले, प्रामुख्याने इंग्रजी बोलणारे नोरांडा आणि त्याला चिकटून आपोआप वाढलेले, फ्रेंच बोलणारे रूएँ ही दोन गावे 1986 मध्ये एक झाली.

परिसरातील शोध : हॉर्नने शोधाची दिशा ठरवून दिली. 1925 मध्ये वेट हा साठा सापडला, मग आम्युलेट. आम्युलेटच्या परिसरात ठिपक्याठिपक्यांचा एक चमत्कारिक खडक आढळतो. त्याला शोधकांनी डाल्मेशियनाइट हे नाव दिले. जुन्या गरम झऱ्यांनी बदललेला हा खडक नंतरच्या ग्रॅनाइटी आगंतुकाच्या उष्णतेने भाजला गेला होता. तो दिसला की जवळपास सल्फाइड असू शकते, हे अनुभवाने कळले. 1945 मध्ये हॉर्नच्या शेजारीच केमाँट हा दुसरा सोनेसंपन्न साठा मिळाला. उघड्यावरचे साठे संपल्यावर थरांची भूमिती समजून घेऊन खोल वेधन करण्याची पद्धत रूढ झाली, आणि तिने 1966 मध्ये मिलनबाख व 1981 मध्ये आन्सिल दिले. या दोन्हींचा पृष्ठभागावर मागमूस नव्हता. उत्पत्तीचा सिद्धान्त बदलल्याचा रोख लाभ दाखवायचा तर याहून चांगली उदाहरणे शोधावी लागत नाहीत.

सद्यःस्थिती : खाण 1976 मध्ये संपली, भट्टी मात्र चालू राहिली. आज ती ग्लेनकोर कंपनीची असून दुसरीकडून आणलेले तांब्याचे सांद्रित धातुक आणि जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे भंगार वितळवते. तिच्या धुरातील आर्सेनिक हा शहराचा जुना प्रश्न आहे. क्वेबेकचे मानक हवेच्या घनमीटरला 3 नॅनोग्रॅमचे असताना भट्टीला दीर्घकाळ त्याच्या कितीतरी पट मुभा होती. 2022 मध्ये आरोग्य यंत्रणेने धोका आकड्यांनिशी मांडल्यावर नागरिकांचा रोष उसळला. 2023 मध्ये 2027 पर्यंत 15 नॅनोग्रॅमपर्यंत उतरण्याचे बंधन घालण्यात आले आणि भट्टीलगतच्या नोत्र-दाम वस्तीतील सुमारे 200 घरे हलवून मोकळा पट्टा ठेवण्याचे ठरले. मानकाच्या पाचपट हवा मान्य करून माणसांनाच हलवायचे, हा तोडगा अन्याय्य आहे असे म्हणणाऱ्या रहिवाशांची बाजू मला बळकट वाटते. या भट्टीने शहराला जन्म दिला हे खरे असले, तरी त्यामुळे आर्सेनिकाचा परिणाम कमी होत नाही.

पाचव्या क्रमांकाच्या विभागावर आता फाल्को रिसोर्सेस या कंपनीचा हॉर्न-5 प्रकल्प आखलेला आहे. नोरांडाने सांभाळून ठेवलेल्या जुन्या वेधनांच्या नोंदी, खाणीचे नकाशे आणि परखण्यांचे तक्ते संगणकावर उतरवून या कंपनीने विभागाचे रूप पुन्हा मांडले आणि मग नवे वेधन केले. पन्नास-साठ वर्षांपूर्वी निकृष्ट ठरवून सोडलेला प्रत्येक नमुना नोंदला गेला होता, म्हणूनच हे शक्य झाले. प्रकल्पाच्या अभ्यासानुसार पृष्ठभागाखाली सुमारे 600 ते 2,300 मीटर खोलीत 8.09 कोटी टन काढण्याजोगे धातुक आहे. त्यात टनामागे 1.44 ग्रॅम सोने व 14 ग्रॅम चांदी, शिवाय 0.17 टक्के तांबे आणि 0.77 टक्के जस्त. सोने एकूण सुमारे 116 टन. जुन्या पोकळ्यांतले पाणी उपसून केमाँटच्या जुन्या शाफ्टमधून खाली जाण्याची योजना आहे. पण हे सगळे चालत्या भट्टीच्या आणि वस्तीच्या लगत घडणार आहे. त्यामुळे ग्लेनकोरशी 2024 च्या आरंभी करार करावा लागला, आणि त्याच वर्षी झालेल्या सार्वजनिक सुनावण्यांत हवेची गुणवत्ता आणि खोल खाणकामातून होणारे हादरे हे मुद्दे चर्चेच्या केंद्रस्थानी होते.