लिनक्सवर विंडोजचे सॉफ्टवेअर चालत नाहीये? आधी हे तपासा

लिनक्सवर विंडोजची ईएक्सई फाईल चालवायला 'वाइन' हे मोफत सॉफ्टवेअर वापरतात. त्याचे काम १९९३ पासून सुरू आहे. वाइनमध्ये विंडोज नसते. सॉफ्टवेअर विंडोजकडे जे मागते, ते वाइन लिनक्सकडून करून घेते. म्हणूनच अडचण आली की बहुतेक वेळा विंडोजचा एखादा भाग कमी पडत असतो.

काय कराल?

१. सॉफ्टवेअर आपोआप बंद होत असेल तर ते टर्मिनलमधून सुरू करा. 'फिक्समी' लिहिलेल्या ओळींकडे सहसा दुर्लक्ष केले तरी चालते. 'ईआरआर' लिहिलेल्या ओळी मात्र वाचा. न सापडलेल्या डीएलएल फाईलचे नाव अनेकदा तिथेच असते.

२. डॉटनेट, व्हिज्युअल सी प्लस प्लस किंवा फॉन्ट कमी असतील तर 'वाइनट्रिक्स'ने बसवा.

३. जुने सॉफ्टवेअर असेल तर वाइनच्या सेटिंगमध्ये विंडोजची जुनी आवृत्ती निवडून पाहा.

४. तरीही जमले नाही, तर त्या सॉफ्टवेअरसाठी वेगळे वाइन फोल्डर बनवा. याला 'प्रीफिक्स' म्हणतात.

सावधान! 'जुने वाइन फोल्डर उडवा' असा सल्ला सर्रास दिला जातो. पण वाइनची सी ड्राइव्ह त्याच फोल्डरमध्ये असते. तिथे ठेवलेला दुकानाचा हिशोबही त्यासोबत जाईल. आधी बॅकअप घ्या.

स्वतःचा विंडोज ड्रायव्हर लागणारे यूएसबी डोंगल वाइनमध्ये सहसा चालत नाही. अशा वेळी व्हर्च्युअल मशीनमध्ये खरी विंडोज टाकणेच बरे.