‘मला माहीत नाही’ म्हणणारे मामा

माहुलच्या खाडीत आता दर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात आणि उन्हाळ्यापर्यंत मुक्काम करतात. एका बाजूला तेलशुद्धीकरण कारखान्यांची धुरांडी, दुसऱ्या बाजूला तिवरांचे रान आणि मधल्या चिखलात माना खाली घालून चरणारी गुलाबी रांग, असे ते दृश्य असते. शिवडी-माहुलच्या चिखलपट्ट्यात हे पक्षी मोठ्या संख्येने दिसू लागले ते १९९०च्या दशकात. त्यामुळे आपल्या तुकडीतील कोणी शाळेच्या दिवसांत ते पाहिले असण्याचा संभव नाही. आज मात्र लोक दुर्बिणी घेऊन येतात. गर्द तांबडी, जवळजवळ काळी चोच दिसली की लहान रोहित, आणि गुलाबी चोचीचे टोक काळे असेल तर मोठा रोहित, हे शाळकरी मुलेही सांगतात.

पक्षी नीट पाहून ओळखण्याची ही विद्या मुंबईत कशी रुजली, याच्या इतिहासात एका मुलाची हकिकत येते. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने ‘विद्यार्थी’ या विषयावर लिहायला सांगितले तेव्हा मला तीच लिहावीशी वाटली.

हा मुलगा म्हणजे सालिम अली. जन्म १२ नोव्हेंबर १८९६, मुंबईचा. आईवडील लहानपणीच गेले आणि खेतवाडीत मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी तो वाढला. मामा नावाजलेले शिकारी. त्यांनीच भाच्याला छऱ्याची बंदूक दिली होती. १९०८ सालच्या सुमारास या मुलाने एक चिमणी पाडली. उचलून पाहतो तो तिच्या गळ्यावर पिवळा डाग. ही नेहमीची चिमणी नव्हे, मग खायला चालेल की नाही, अशी शंका येऊन तो ती मामांकडे घेऊन गेला.

मामांनाही तो पक्षी ओळखता आला नाही. रानावनात आयुष्य घालवलेल्या माणसाला काहीतरी नाव ठोकून देता आले असते. पोराला ते खरे-खोटे कळणार नव्हतेच. मामांनी तसे केले नाही. ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. त्यांनी सोसायटीचे मानद चिटणीस डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्या नावे चिठ्ठी देऊन भाच्याला तिकडे पाठवले.

या सोसायटीविषयी आपल्याला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट आहे. १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ जणांनी ती स्थापन केली. त्यांत दोघे आपले होते : प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. पुढे सोसायटीला अपोलो स्ट्रीटवर फिप्सन या मद्यविक्रेत्यांच्या पेढीत जागा मिळाली आणि मिलार्डही त्याच पेढीचे भागीदार. तेव्हाच्या मुंबईत हिंदुस्थानी पोराने गोऱ्या साहेबाच्या दारात जायचे म्हणजे छाती धडधडणारच. पण मिलार्डसाहेबांनी त्याला हाकलले नाही. त्यांनी चिमणी हातात घेतली, ती पीतकंठी चिमणी असल्याचे सांगितले आणि मग कपाटाचे खण उघडून पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह एकेक करून दाखवला. वाचायला पुस्तके दिली, पक्ष्यांची कातडी काढून जतन कशी करायची ते शिकवण्याची सोयही केली.

इथे मला विद्यार्थ्याची नम्रता एकट्या विद्यार्थ्यात दिसत नाही. मामांनी अज्ञान मान्य केले, मिलार्डांनी पोराचा प्रश्न मोलाचा मानला, म्हणून मुलाला विचारत राहण्याचे धैर्य आले. घरात किंवा वर्गात मोठी माणसे ‘माहीत नाही’ हे शब्द कधीच उच्चारत नसतील, तर मुलेही ते शब्द लपवायला शिकतात.

पुढची वाट काही सरळ नव्हती. सालिम अली १९१३ साली मॅट्रिक झाले तेही जेमतेम. त्यानंतर ब्रह्मदेशात भावाबरोबर धंदा केला, तो बसला. मुंबईत फादर ब्लाटर यांच्या आग्रहाने सेंट झेवियर्स कॉलेजात प्राणिशास्त्र शिकले, पण विद्यापीठाची पदवी हाती आली नाही. पदवी नाही म्हणून भारतीय प्राणिसर्वेक्षणातील नोकरी हुकली. १९२६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, प्रेक्षकांना निसर्गविभागाची माहिती सांगण्याचे काम मिळाले.

काम रोज दुसऱ्यांना शिकवण्याचे. अशा माणसाला आपल्याला पुरेसे येते असे वाटू लागणे सोपे असते. सालिम अलींना उलट वाटले. १९२८ मध्ये त्यांनी रजा घेतली आणि बत्तिशीच्या घरात, लग्न झालेले असताना, बर्लिनच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात प्राध्यापक एर्विन श्ट्रेझेमान यांच्याकडे शिकायला गेले. श्ट्रेझेमान त्यांच्यापेक्षा फक्त सात वर्षांनी मोठे. तरी सालिम अली त्यांना जन्मभर गुरू मानत राहिले. हेलिगोलँड बेटावर पक्ष्यांच्या पायांत कडी कशी घालतात तेही तिथेच पाहिले.

१९३० मध्ये परतले तर म्युझियममधली जागा पैशांअभावी रद्द झालेली. शिकून आलेला माणूस बेकार. ते अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. तिथे घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. पावसाळ्यात सालिम अलींनी शिडी उभारून आडोसा केला आणि महिनोन्‌महिने ते नुसते पाहत बसले.

आपण मराठी माणसे या पक्ष्याला सुगरण म्हणतो आणि नावावरूनच घरटे मादी विणते असे धरून चालतो. विणतो तो नर. तो घरटे अर्धे विणून ठेवतो, मग मादी येऊन ते तपासते. पसंत पडले तरच ती राहते, मग नर उरलेले काम पुरे करतो. तेवढ्यावर न थांबता तो दुसरे घरटे सुरू करतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो. ही क्रमवार रीत सालिम अलींनी तिथे बसून नोंदवली आणि सुगरणीविषयीचे जुने समज बदलले.

नम्रता म्हणजे पुस्तकाला किंवा मोठ्या नावाला मान डोलावणे नव्हे, हे मला या किहीमच्या शिडीवरून कळते. गुरूसमोर वाकलेला हाच माणूस, डोळ्यांनी पाहिलेले छापील मजकुराशी जुळेना तेव्हा डोळ्यांच्या बाजूने उभा राहिला. वाकायचे ते खुर्चीपुढे नाही, वस्तुस्थितीपुढे. म्हणून नम्र विद्यार्थी प्रसंगी गुरूच्याही पुढे जातो.

पुढचे आपल्याला ठाऊक आहे. १९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक आले आणि सामान्य माणसाच्या हातात पक्षी ओळखण्याचे साधन पडले. आपल्या खाडीत येणाऱ्या रोहितांच्या कच्छच्या रणातील वसाहतीची पाहणीही त्यांनी १९४०च्या दशकात केली. डिलन रिप्ले यांच्याबरोबर दहा खंडांचा ग्रंथ झाला, १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळाले. १९८७ मध्ये नव्वदाव्या वर्षी ते गेले. आत्मचरित्राला त्यांनी नाव दिले ते एका पडलेल्या चिमणीचे.

आपल्या शाळेतही अशी माणसे होती. शास्त्राच्या आमच्या बाई भरती-ओहोटीचा धडा शिकवत होत्या. चंद्र, सूर्य, आकर्षण सगळे फळ्यावर काढून झाले. मग त्यांनी विचारले, “आज माहुलला पाणी किती वाजता चढेल?” पुस्तकात ते नव्हते. मागच्या बाकावरच्या, कोळीवाड्यातून येणाऱ्या मुलाने तिथी मोजून वेळ सांगितली. उधाणाचे पाणी कोणते आणि भांगाचे कोणते तेही सांगितले. बाई म्हणाल्या, “हे मला ठाऊक नव्हतं. पुढे ये आणि फळ्यावर लिही.” एरवी गुणपत्रिकेवर लाल रेघा घेऊन जाणारा तो मुलगा त्या दिवशी खडू हातात धरून उभा होता. वर्गातल्या हुशार मुलांनी त्याने लिहिलेले वहीत उतरवून घेतले.

आता आपल्यापैकी बहुतेकांना कुणी ना कुणी सर, काका किंवा आजोबा म्हणते. उत्तरे द्यायची सवय जडली आहे, आणि सगळी उत्तरे खिशातल्या फोनमध्ये असल्याचा समजही. अशा वेळी एखादे नातवंड पिवळ्या गळ्याची चिमणी घेऊन आपल्यासमोर येईल. तिचे नाव आपल्याला आले नाही तर बिघडत नाही. ‘मला माहीत नाही, चल, विचारू या’ एवढे म्हणून त्याचा हात धरून जाणत्याच्या दारापर्यंत जाता आले पाहिजे. माहुलच्या खाडीतल्या पाण्यापुरते तरी ते दार कोळीवाड्यातच आहे.