मुसाफा, उंबरा आणि साथ

हज किंवा उमरा करून माणूस परतले की आपल्याकडे घर भरते. आबेजमजम आणि खजूर वाटले जातात, मुसाफा होतो, गळाभेट होते, आणि दादी-नानीला सगळ्यांत पुढे बसवले जाते. मार्च २०२० मध्ये सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपुरात (२०२५ मध्ये या गावाचे नामांतर ईश्वरपूर असे झाले) सौदी अरेबियाहून परतलेल्या चौघांना कोरोना झाल्याचे २३ तारखेला निष्पन्न झाले. आठवडाभरात आप्तेष्टांसह हा आकडा पंचविशीपर्यंत गेला. मिरजेच्या शासकीय रुग्णालयात उपचार झाले आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत बहुतेक जण बरे होऊन बाहेर पडले. लोकांना मात्र त्या घराची चर्चा जास्त दिवस पुरली. दिल्लीच्या मरकजची बातमीही त्याच सुमारास आली आणि भेटीगाठीची आपली रीतच जणू गुन्हा ठरली. पंढरीहून आलेल्या वारकऱ्याच्या पाया पडायलाही घर भरतेच, हे तेव्हा कोणाला आठवले नाही.

भेटावे की न भेटावे, हा प्रश्न आपल्या मजहबला नवा नाही. हिजरी १८ मध्ये शाममध्ये साथ पसरल्याचे कळताच हजरत उमर वाटेतूनच मागे फिरले. हे तकदीरपासून पळणे नव्हे का, असे हजरत अबू उबैदा यांनी त्यांना विचारले होते. साथीच्या मुलखात जाऊ नये आणि तिथे असलेल्याने बाहेर पडू नये, ही हदीस त्याच प्रसंगी पुढे आली. अबू उबैदा आपल्या लोकांना सोडून गेले नाहीत आणि त्याच साथीत त्यांचा इंतकाल झाला. दोघांनाही आपण मानतो. आम्हांला वाटते, ही गोष्ट अर्धीच सांगितली जाते. कोणी उमर यांच्यापाशी थांबतो, कोणी अबू उबैदांपाशी.

१८९७ सालच्या प्लेगमध्ये ही निवड घरच्यांच्या हाती राहिली नाही. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत साथरोग कायदा आला. माणसे उचलून छावणीत नेली जाऊ लागली, म्हणून घरे आजारी माणूस लपवू लागली. ९ मार्च १८९८ रोजी मुंबईत मोमीन विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीच्या तपासणीवरून दंगल उसळली. आपली माणसे तेवढी अडाणी होती, असे म्हणून हे निकालात काढता येत नाही. छावणीत गेलेल्या म्हाताऱ्याला पाणी कोण देणार, याचे उत्तर सरकारने दिले नव्हते.

सातारा जिल्ह्यातल्या नायगावात जन्मलेल्या सावित्रीबाई फुले तेव्हा ६६ वर्षांच्या होत्या. पुण्याजवळ मुलगा डॉ. यशवंत याच्या दवाखान्यात त्या रुग्णांची सेवा करीत. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर आणताना त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. वयस्कांचा धोका तरुणांनीच तोलायचा असतो, असे आपण धरून चालतो. इथे तो एका वृद्धेने स्वतः तोलला होता.

१९१८ च्या इन्फ्लुएंझाने भरल्या वयाची माणसे जास्त नेली आणि कित्येक घरांत नातवंडे आजीच्या पदरी राहिली. कोरोनात उलटे होते. १३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्राने तोच १८९७ चा कायदा लागू केला. साठीपुढच्यांनी घरातच राहावे, असे सांगितले गेले. पण आपली घरे केवढी? दोन खोल्यांत तीन पिढ्या असतील तर दादीला वेगळी खोली कुठली द्यायची? मे महिन्यात मुंबईहून माथाडी कामगार, टॅक्सीवाले, बेकरीतली पोरे सातारा-सांगलीच्या गावांत परतली, तेव्हा गावांनी त्यांना आधी शाळेत ठेवले. आई-बाप दहा मिनिटांच्या अंतरावर, आणि तरी चौदा दिवस भेट नाही. यावर पुष्कळ भांडणे झाली. तरीही आम्ही शाळेच्या बाजूने आहोत. तिथे घरचा डबा पोहोचत होता, लांबून हाक मारता येत होती. ही सोय प्लेगच्या छावणीत नव्हती.

२५ मे २०२० ची ईद घरातच झाली. १ मार्च २०२१ पासून साठीपुढच्यांना लस मिळू लागली, आणि कित्येक घरांनी तेवढ्यावर सुटकेचा श्वास सोडला. एप्रिलमध्ये रमजान लागला तोवर दोन्ही जिल्ह्यांत दुसरी लाट आली होती. बुजुर्गांच्या इफ्तारचे ताट पुन्हा उंबऱ्यावरच ठेवावे लागले.