हॉलंडचा भुकेचा हिवाळा आणि पाळी

सप्टेंबर १९४४मध्ये हॉलंडच्या रेल्वे कामगारांनी संप पुकारला आणि त्याचा सूड म्हणून जर्मन सैन्याने पश्चिमेकडच्या शहरांचे अन्न अडवले. त्यात अन्न आणण्याच्या वाटेवरचे कालवे गोठले. ॲमस्टरडॅम, रॉटरडॅम, हेग इथले रेशन नोव्हेंबरअखेरीस माणशी दिवसाला १००० कॅलरींच्या खाली गेले, पुढे ४०० ते ८००वर आले. लोक शुगरबीट आणि ट्यूलिपचे कंद उकडून खाऊ लागले. जवळपास निम्म्या बायकांची पाळी बंद झाली, आणि नऊ महिन्यांनी जन्मणाऱ्या मुलांची संख्या एरवीच्या साधारण तिसऱ्या हिश्शावर आली. हा युद्धाच्या भीतीचा परिणाम, असे कुणी म्हणेल. पण जर्मनांचा अंमल मे १९४०पासूनच होता आणि त्या काळात जन्म घटले नव्हते, उलट वाढले होते. उत्तरेच्या शेतीवाल्या प्रांतांतही अंमल तोच होता. तिथे जन्म असे कोसळले नाहीत. उपाशी शहरांतही मजुरांच्या घरांत घट जास्त दिसली. भीती काही वर्ग पाहून घरात शिरत नाही, भूक मात्र शिरते. अर्थात भीतीचा वाटा अगदीच नाही असेही नाही: नाझींच्या तेरेझीन छावणीत अनेकींची पाळी कुपोषण भिनण्याआधीच थांबली होती.

मग पाळी वजनावर चालते का? अमेरिकेत रोझ फ्रिश यांनी १९७४मध्ये तसेच काहीसे मांडले. शरीरात सुमारे १७ टक्के चरबी असल्याशिवाय पहिली पाळी येत नाही आणि ती नियमित राहायला सुमारे २२ टक्के लागते, असा त्यांचा अंदाज. १९९४मध्ये चरबीतून स्रवणारे लेप्टिन हे संप्रेरक सापडले, तेव्हा या मांडणीला बळच मिळाले. आकडे सुटसुटीत होते, म्हणून ते लोकप्रियही झाले. माझ्या मते गरजेपेक्षा जास्त. कारण ॲन लाउक्स यांनी निरोगी तरुणींवर केलेल्या प्रयोगांत, व्यायामाचा खर्च वजा जाता हाती उरणारी ऊर्जा चरबीविरहित वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ३० कॅलरींखाली गेली, तेव्हा पाळीचे चक्र चालवणाऱ्या संप्रेरकाची लय पाचच दिवसांत बिघडली. पाच दिवसांत चरबी ती किती उतरणार? साठ्याच्या आधी शरीर रोजची आवक पाहते. वजन म्हणजे त्या आवकीचा उशिरा उमटणारा पुरावा, आणि तोही पुरता भरवशाचा नव्हे. दुसऱ्या टोकाला, अनियमित पाळीचा जो विकार स्टाइन आणि लेव्हेन्थल यांनी १९३५मध्ये वर्णिला, तो स्थूल मुलींचा म्हणून ओळखला जातो, पण सडपातळ मुलींनाही होतो. अतिरेकी उपाशी राहण्याच्या मानसिक आजाराच्या निदानातही पाळी बंद असण्याची अट अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी २०१३मध्ये काढून टाकली. पार रोडावलेल्या काही मुलींची पाळी चालूच असते.