दगड कुठे सापडला?

संशोधनातली लबाडी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कॉपी येते. कुणाचा तरी प्रबंध उचलायचा, चार वाक्यं इकडची तिकडे करायची, की झाला डॉक्टर! पण मला गेली काही वर्षं सतावतंय ते प्रकरण वेगळंच आहे. त्यात जीवाश्म अस्सल होते. आरोप होता तो एकाच ओळीबद्दल. ‘हा नमुना अमुक ठिकाणी सापडला’ ही ती ओळ.

चंदीगडच्या पंजाब विद्यापीठात विश्वजित गुप्ता नावाचे भूविज्ञानाचे प्राध्यापक होते. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून जवळजवळ दोन दशकं त्यांनी हिमालयातल्या जीवाश्मांवर निबंधांचा अक्षरशः पाऊस पाडला. ३०० हून अधिक निबंध! सहलेखकांमध्ये देशोदेशीचे नामवंत.

आता जीवाश्माचं एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. तर ठरावीक प्राणी ठरावीक काळातच जगले. म्हणून खडकाच्या एखाद्या थरात त्यांचे अवशेष मिळाले, की त्या थराचं वय सांगता येतं. अशी वयं जुळवत जुळवत हिमालय कसा घडला, कुठला भूखंड कुठे होता, याचं चित्र उभं राहतं. पण हे सगळं टिकून असतं ते जागेच्या नोंदीवर. कुठून आला हे माहीत नसलेला जीवाश्म म्हणजे कपाटात ठेवायची शोभेची वस्तू. आणि चुकीची जागा लिहिलेला जीवाश्म त्याहून वाईट, कारण तो पुढच्या सगळ्यांना चुकीच्या वाटेला लावतो.

ऑस्ट्रेलियातल्या मॅक्वारी विद्यापीठाचे जॉन टॅलेंट यांना या निबंधांत काहीतरी खटकत होतं. १९८८ मध्ये त्यांनी गोयल, जैन आणि पिकेट या सहकाऱ्यांबरोबर या विसंगतींवर सविस्तर निबंध लिहिला. मग एप्रिल १९८९ मध्ये ‘नेचर’ या साप्ताहिकात त्यांचा लेख आला आणि जगभर खळबळ उडाली. त्यांचं म्हणणं साधं होतं. हिमालयातले म्हणून दाखवलेले काही कोनोडोंट, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारे दातांसारखे जीवाश्म, अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या ॲम्सडेल क्रीकच्या प्रसिद्ध नमुन्यांशी हुबेहूब जुळत होते. काही गोगलगायीच्या शंखासारखे वेटोळे ॲमोनॉइड मोरोक्कोतले वाटत होते, आणि तसले नमुने पॅरिसच्या दुकानांत सहज विकत मिळत. शिवाय जागांची वर्णनं इतकी मोघम, की पुन्हा तिथे जाऊन पाहू म्हणणाऱ्याला वाट सापडू नये.

गुप्तांनी ‘नेचर’मध्येच उत्तर देऊन आरोप फेटाळले. पण त्याच वर्षी त्यांच्या काही सहलेखकांनी आणि विद्यापीठातल्या सहकाऱ्यांनीही जाहीरपणे शंका मांडल्या. सहलेखकांपैकी फ्रान्सचे फिलिप जान्व्हिए यांनी तर विश्वास तुटल्याचीच भाषा केली. विद्यापीठाने गुप्तांना निलंबित केलं. निवृत्त न्यायाधीशांकडून चौकशी झाली आणि १९९४ मध्ये तिचा निष्कर्ष त्यांच्या विरोधात गेला. तरी नोकरी गेली नाही. २००२ मध्ये ते रीतसर निवृत्त झाले.

मला प्रश्न पडतो तो हा, की वीस वर्षं कुणाला कसं कळलं नाही? मला वाटतं, यात सगळे मूर्ख होते असं मुळीच नाही. उलट सगळे आपापलं काम नेमाने करत होते. नमुना आणणारा एक, त्याचं वर्णन करणारा दुसरा. परदेशातल्या तज्ज्ञाच्या टेबलावर डबीतून जीवाश्म यायचा. तो ओळखायचा ही त्याची जबाबदारी. तो कुठून आला हे आणणाऱ्याने सांगायचं. हिमालयातल्या सीमेजवळच्या दुर्गम जागी जाऊन खात्री कोण करणार? संशोधनाचा सारा व्यवहार असा उधारीवर चालतो. दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही तर एक पाऊलही पुढे टाकता येणार नाही. म्हणूनच तो शब्द खोटा निघाला की नुकसान एका माणसापुरतं राहत नाही.

या सगळ्याची आठवण होण्याचं कारण म्हणजे आपल्याकडचे अलीकडचे नियम. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याबद्दल नियम केले. प्रबंधातलं साम्य १० टक्क्यांपर्यंत चालेल, ६० टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. पुढच्या वर्षी पीएच.डी. करणाऱ्यांना संशोधन-नीतीचा अभ्यासक्रमही सक्तीचा झाला. चांगलंच झालं. पण परिणाम असा, की माझ्या पाहण्यातले कितीतरी विद्यार्थी नीती म्हणजे टक्केवारी असंच समजतात. सॉफ्टवेअरने ९ टक्के दाखवले की गंगेत घोडं न्हालं!

मंडळी, चंदीगडचे ते निबंध आज त्या सॉफ्टवेअरमधून घातले तर काय होईल? सॉफ्टवेअर वाक्यं ताडून पाहतं. दगड कुठून उचलला हे त्याला कसं कळणार? न घेतलेल्या मुलाखती, घरी बसून भरलेल्या प्रश्नावल्या, नको ते आकडे गाळून काढलेली सरासरी, यातलं काहीही त्या टक्केवारीत येत नाही.

त्यावर उपाय जुनेच आहेत आणि कंटाळवाणे आहेत. त्या त्या दिवशी लिहिलेली क्षेत्रवही. प्रत्येक नमुन्यावर क्रमांक. दुसऱ्याला तिथे पोचता येईल इतकी नेमकी जागा. नमुना घरच्या कपाटात न ठेवता संग्रहालयात जमा करणं. आणि सहलेखक म्हणून नाव घालण्याआधी ‘मूळ नोंद दाखवता का?’ असं विचारण्याची हिंमत. हे विचारणं आपल्याकडे उद्धटपणाचं मानलं जातं, त्यातून समोर सर असतील तर विचारूच नका. पण मला तर वाटतं, हा प्रश्न रागावण्यासारखा नाहीच. ज्याची वही नीट लिहिलेली आहे, तो ती कौतुकाने उघडून दाखवतो.